एफ बारा

दर शुक्रवारी नव्या सिनेमाचा सकाळचा शो मी मोबाइलवर बुक करते. तिथे खुर्च्यांचे रिकामे चौकोन दिसतात आणि त्यांत एकच भरलेला असायचा, एफ बारा. ती खुर्ची एका वयस्कर गृहस्थांची. मी मुद्दाम लांबची, एफ दोन घेते. एकट्यानं सिनेमा बघणाऱ्यांना शेजार नको असतो, असं मला आपलं वाटायचं. एकदाच मध्यंतरात ते सिनेमातल्या नायिकेबद्दल म्हणाले होते, "यंदाचा पुरस्कार हिलाच मिळणार, लिहून ठेवा." मी नुसतं "बघू" म्हटलं.

काल तिलाच मिळाला. सांगणार कुणाला?

आज बुकिंग उघडलं, तर एफ बारा रिकामी. मागच्या दोन शुक्रवारीही रिकामीच होती. बराच वेळ बघत बसले, आणि मग एफ अकरा घेतली.