हॉर्नबीमचा पोळपाट

मंडळी, मोडेमने घरचा फोन अडवून या ग्रुपवर लिहितोय, म्हणून थोडक्यात.

माझी आई इथे नॉटिंगहॅममध्येही वर्कटॉपवर, म्हणजे ओट्यावर, पोळी लाटत नाही. तिला पोळपाटच लागतो. जुना फुटला. शेजाऱ्यांनी बागेतलं हॉर्नबीमचं झाड पाडलं होतं, त्याचा ओंडका चिरून मी नवा केला. लाकूड पांढरं, सुरेख, पण दगडासारखं कठीण. रंध्याला सारखी धार लावावी लागली.

हे लाकूड वाळताना फार आकसतं, निदान दोनेक वर्षं थांब, असं वुडवर्कच्या क्लासमध्ये बजावलं होतं. पण आईकडे काही महिनेच आहेत, असं डॉक्टर म्हणाले. मी थांबलो नाही.

आज ती बऱ्याच दिवसांनी लाटायला उभी राहिली. पोळपाट मध्ये खोलगट झालेला. पोळी कडेला फाटली, मध्ये जाडच राहिली.

"पुढच्या वर्षी दुसरा कर, नीट वाळवून," आई म्हणाली. डॉक्टर बोलले तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती. मी हो म्हणालो.

तेल लाव, तासून घे, असले उपाय कृपा करून कळवू नका. उरलेला ओंडका शेडमध्ये वाळतोय. तो तयार होईल तेव्हा पोळपाट कुणासाठी करायचा, तेवढं सांगा.