गणपतीची सुट्टी देणारं बेट

मुलीला मॉरिशसचा मराठी मुलगा आवडला, तेव्हा मी चष्मा लावून नकाशा उघडला. ते बेट मला दिसेना. आधी वाटलं, स्क्रीनवर डाळीचा कण पडलाय.

मुलाचे आईवडील त्याला भेटायला टोरोंटोत आले होते. गणपतीला त्यांना शेजारच्या मार्कहॅमला आमच्याकडे बोलावलं. मुलीने आधीच बजावलं, "बाबा, प्लीज, त्यांना गाव विचारू नका. त्यांना माहीत नाहीये. माझं लग्न त्यावर अडवू नका."

बेसमेंटमध्ये आरती झाली. रजा घ्यायचा मला धीर नव्हता, म्हणून लॅपटॉप मखराशेजारी उघडा, मीटिंग म्यूटवर. टाळ वाजवता वाजवता मी मान डोलवत होतो, ती बाप्पासाठी की बॉससाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

मुलाचे वडील हे सगळं बघत होते. शाळेत शिकलेल्या कोरीव मराठीत त्यांनी विचारलं, "आज आपणास सुट्टी नाही?"

"इथे गणपतीला कोण सुट्टी देणार?"

"आमच्याकडे संपूर्ण देशाला असते. चिनी, मुसलमान, ख्रिश्चन, सर्वांना."

मी इतका थक्क झालो की जीभ घसरलीच. "तुमचं मूळ गाव कोणतं?"

मुलीने हातातलं तबक खाली ठेवलं.

"पणजोबा कोकणातून जहाजाने ऊस तोडायला आले," ते शांतपणे म्हणाले. "बेट आधी फ्रेंचांचे, मग इंग्रजांचे. गावाचे नाव आमच्यापर्यंत पोहोचले नाही. गणपती पोहोचला." मग हसले. "इंग्रजांचा झेंडा उतरला, तेव्हा मी वडिलांच्या खांद्यावर होतो. वडील रडत होते, शेजारची आफ्रिकी वंशाची क्रिओल बाई रडत होती. मला वाटले, कोणीतरी वारले."

मी विमानाने आलो होतो, बॅगेत चकलीचा सोऱ्या घेऊन. आणि इतक्या वर्षांत बॉसला गणपती म्हणजे काय, एवढंही सांगू शकलो नव्हतो.

"आता आपण सांगा," ते म्हणाले, "आपल्या नातवंडांनी गाव कोणते सांगायचे?"

'आपल्या' म्हणाले, म्हणजे दोघांच्या. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. लॅपटॉपमधून कोणीतरी माझं नाव घेत होतं.

"मार्कहॅम सांगतील," मी म्हणालो, "आणि तुमचं बेट. सणाला मात्र तुमच्याकडेच येतील, तिथे सुट्टी असते."

मी लॅपटॉप मिटला. बायको मोदकांचं ताट घेऊन त्यांच्याकडे वळली.

"व्याहीबुवा, तूप वाढू ना?"