पुडीतला पापडखार

प्रिय अन्वी आणि रोहन,

अक्का गेल्याची बातमी तुम्हांला माझ्याआधी कळली. माझा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि मी अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन पाहते तर घरच्या ग्रुपवर तुमच्या दोघांचे रडके चेहरे येऊन पडलेले, आणि त्याखाली अन्वीनं लिहिलेलं, ‘केकवाली आजी गेली.’ मी ओल्या केसांनी तशीच खुर्चीवर बसले. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. एका घरात संसार केलेली बाई गेली म्हटल्यावर मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. राग आला, तो ‘केकवाली’ या शब्दाचा.

तुम्ही तिकडे मेलबर्नला वाढलात, तुम्हांला दोष नाही. पण पुढच्याच आठवड्यात अक्कांच्या सुनेनं, मीनलनं, पेपरच्या याच पुरवणीत त्यांच्यावर लेख लिहिला. चांगला लिहिला. त्यात एक वाक्य होतं : औरंगाबादच्या जुन्या घरात, ओव्हन कुणी पाहिलाही नव्हता तेव्हा, अक्कांनी शेगडीवर केक करायला घेतला आणि साऱ्या घराण्याला शिकवला. नात्यातल्या निम्म्या बायकांनी त्या वाक्याचा फोटो काढून मला पाठवला. ‘काकू, किती छान ना!’ ...म्हणून हे पत्र तुम्हांला पाठवते आहे आणि एक प्रत पुरवणीला देते आहे. चूक जिथं छापली गेली, तिथंच ती दुरुस्त व्हावी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं मला चौघींनी सांगून झालं आहे. मी वाईट बोलत नाही. झालेलं सांगते.

आधी घर समजून घ्या. तुमच्या आजोबांचे वडील, म्हणजे माझे मामंजी, मूळचे गंगापूरकडचे. रझाकारांच्या दिवसांत ते बायकामुलांना घेऊन शहरात आले आणि शहागंजच्या मागे भाड्याच्या घरात राहिले. त्यांचं उर्दू लेखन इतकं सुबक की कचेरीतली मंडळी त्यांच्या हातचा अर्ज नुसता पाहायला मागत. पण पोलीस ॲक्शन झाली, कारभार बदलला, आणि त्यांचं ते सुंदर अक्षर वाचणारा कचेरीत कुणी राहिला नाही. गावाकडच्या जमिनीचे अर्ज इंग्रजीत करायचे म्हणजे दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचं. तेव्हा त्यांनी ठरवलं की धाकटी सून इंग्रजी शिकलेली आणायची. मी सिकंदराबादची. वडील रेल्वेत, आई मी लहान असतानाच गेलेली, शिक्षण मिशनच्या शाळेत. लग्न होऊन आले आणि महिनाभरात मामंजी मला समोर बसवून अर्ज सांगू लागले. “सूनबाई, जरा कडक लिहा,” म्हणायचे. मी कडक लिहायची. ते खूश व्हायचे.

सासूबाई नव्हत्या. कोठीच्या किल्ल्या अक्कांच्या कमरेला. लासूर स्टेशनच्या आडत्याची लेक, अंगानं भक्कम, हाताला चव, आवाज असा की गल्लीच्या टोकाला भाजीवाला थांबावा. मामंजी मला कागद घेऊन बसवत तेव्हा अक्का दारातून म्हणत, “बसा बसा, मडमीणबाई. पोळ्या काय, आपोआप होतील.” सगळे हसत. मीही हसत असे. नवी होते.

मला स्वयंपाक येत नव्हता, हे खरं आहे. भाकरी थापता येत नव्हती, पापड मी आयुष्यात लाटले नव्हते. आणि अशा मला एक दिवस तुमच्या आजोबांनी सांगितलं की रविवारी त्यांचे साहेब आणि बाईसाहेब चहाला येणार. मामंजी म्हणाले, “सूनबाई, तुम्ही मिशनच्या शाळेतल्या. ते केक का काय, करा की.” शाळेत नाताळला मी केक खाल्ला होता. केला कधीच नव्हता. पण मामंजींना नाही म्हणवलं नाही. माझ्याकडे शाळेतलं एक इंग्रजी पाकपुस्तक होतं. त्यात अंडी होती, ती आमच्या घरात येणं शक्य नव्हतं. शेवटच्या पानावर एक बिनअंड्याचा प्रकार होता, दही आणि सोडा घालून. ओव्हन मध्यम तापवा, असं लिहिलेलं. आमच्याकडे शेगडी. तुमच्या आजोबांनी एका चपट्या पत्र्याच्या डब्यात वाळू भरून दिली, तीत केकचं भांडं ठेवायचं, वर झाकण आणि झाकणावर निखारे, अशी युक्ती आम्ही दोघांनी मिळून काढली. राहिला सोडा.

मी कोठीच्या दाराशी जाऊन म्हटलं, “अक्का, खायचा सोडा हवा होता थोडा.”

“देते की. त्याला काय?” त्या आत गेल्या आणि कागदाची पुडी बांधून घेऊन आल्या. पांढरी पूड. मी ती भुकटी दह्यात घातली, फेस आला, मला आनंद झाला.

तो पापडखार होता. तुम्हांला पापडखार ठाऊक असायचं कारण नाही : पापडाच्या पिठात घालतात तो खार, चिमूटभर पुरतो. मी चमचा भरून घातला. केक फुगला, वरून छान तांबूस झाला. साहेब आले. बाईसाहेब नागपूरच्या, हसतमुख. त्यांनी मोठा तुकडा तोंडात घातला आणि हसणं तोंडावर तसंच थांबलं. साहेबांनी कसाबसा गिळला. म्हणाले, “वेगळीच चव आहे.” तुमच्या आजोबांनी खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलं... मग मी चाखला. कपडे धुवायचा साबण जिभेवर ठेवावा, तसा.

इतक्यात अक्का पदर सावरत बाहेर आल्या. “इंग्रजी पुस्तकातला हाय ना, आपल्या जिभंला कसा कळावा! हे घ्या, तोंड गोड करा.” त्यांच्या हातात पाकातल्या पुऱ्यांचं ताट होतं. पुऱ्या पाकात चांगल्या मुरलेल्या. म्हणजे त्या सकाळीच तळलेल्या होत्या, मला सोडा देण्याच्या आधी, आणि कोठीत झाकून ठेवलेल्या होत्या. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बशा उचलत होते. दर उन्हाळ्यात आख्ख्या गल्लीचे पापड जिच्या देखरेखीखाली व्हायचे, ती बाई सोडा आणि पापडखार यांत चुकत नसते.

पाहुणे गेल्यावर घर हसून हसून बेजार झालं. “विमलचा केक असेल त्या दिवशी धुणं घेऊन यावं,” अक्का म्हणाल्या, आणि तुमचे आजोबाही हसले. ते मी विसरले नाही. मामंजी हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, “स्वयंपाकघरात आता प्रयोग नकोत.” आणि त्या दिवसापासून अर्ज सांगताना ते म्हणू लागले, “लिहून झालं की एकदा बाहेरच्या कुणाला दाखवून घेऊ.” केक बिघडला, म्हणून माझं इंग्रजीही बिघडलेलं ठरलं. अक्कांना हेच हवं होतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं : असा केक करीन की ही बाई स्वतःच्या तोंडानं तो मागेल. आणि मग मी तिच्याकडून त्या पुडीचा जबाब घेईन, सगळ्यांसमोर.

उन्हाळ्यात पापड उरकले की अक्का मुलांना घेऊन माहेरी जायच्या. तेवढेच दिवस माझे. किल्ल्या मोठ्या दिरांकडे असायच्या, ते काही विचारत नसत. मागच्या अंगणात मी शेगडी मांडायची. पहिला केक वाळूच्या वासाचा झाला, कारण वाळू मी धुतलीच नव्हती. दुसरा वरून कोरडा आणि मधे गिळगिळीत. घरचं लोणी पाणी धरून असतं, हे पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पुस्तक विकतच्या लोण्याच्या देशातलं. एकदा झाकणाच्या आतलं पाणी ठिबकून मधोमध तळं झालं. एकदा सारखं उघडून पाहिलं म्हणून तो खाली बसला आणि परत उठलाच नाही. बिघडलेले केक मी गवळ्याच्या म्हशीला घालायची. एक तिनंही हुंगून सोडला. पण मी शाळेत प्रयोगवहीला पहिली येणारी मुलगी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. आधी वाळू, मग लोण्याऐवजी कढवलेलं तूप, मग मैद्याऐवजी बारीक रवा दह्यात भिजवून. वाळू तापली की नाही हे पाहायला तीवर कागदाचा कपटा टाकायचा. तो हळदीच्या रंगाचा झाला की भांडं ठेवायचं, काळा झाला तर निखारे काढायचे. आणि सोडा शहागंजातून मी स्वतः आणायची. जिभेवर ठेवल्याशिवाय वापरायची नाही.

तुमच्या बाबाच्या पहिल्या वाढदिवसाला मी तो केक सगळ्यांसमोर ठेवला. अक्का म्हणाल्या, “धुणं आणू का?” कुणी हसायच्या आत मामंजींनी तुकडा तोंडात टाकला होता. त्यांनी ताटली पुढे केली, अजून एक. मग सगळ्यांनी खाल्ला. अक्कांनी सगळ्यांत शेवटी खाल्ला, भिंतीकडे तोंड करून, आणि भांड्याच्या कडेचं खरवडलेलंही खाल्लं. मी पाहत होते. तो माझ्या आयुष्यातला अत्यंत समाधानाचा दिवस होता, आणि त्याचं कारण फक्त तुमचा बाबा नव्हता.

मागायला त्यांना काही वर्षं लागली. त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, जावई दिवाळसणाला यायचे होते. मी तांदूळ निवडत बसले होते, त्या शेजारी येऊन बसल्या. “विमल, ते केकात काय काय घालतीस, मला बी सांग की.”

“सांगते. आधी पुडीचं बोला.”

“कोणती पुडी?”

“तुम्हांला ठाऊक आहे कोणती. रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे उद्या सकाळी मी तुम्हांला हाताला धरून शिकवते.”

त्या उठून गेल्या. “लई झाली हिची मिजास,” एवढं ऐकू आलं. पुढं हे दरवर्षीचं झालं. कधी लग्नघरात, कधी हळदीकुंकवाला, त्या आडून विषय काढायच्या, मी म्हणायची, “आधी पुडी.” आमच्यातला सगळ्यांत खरा संवाद हाच असावा.

आणि मग घरं वेगळी झाल्यावर, एका संक्रांतीला मी त्यांच्याकडे गेले, तर समोर माझा केक. रवा, दही, तूप, सगळं तेच. मी घरी येऊन तुमच्या आजोबांना विचारलं. ते पेपर वाचत होते. “वहिनींनी विचारलं, मी सांगितलं. त्यात काय एवढं?” ...शेगडी ते फुंकायचे, त्यांना सगळं पाठ होतं. मी त्यांच्याशी किती दिवस बोलले नाही ते आता सांगत नाही. पण माझ्याकडचं एकमेव हत्यार त्यांनी चहाच्या कपाबरोबर देऊन टाकलं होतं. त्यानंतर अक्कांनी मुलींना शिकवला, सुनांना शिकवला, शेजारणींना शिकवला. माणसं त्यांच्याकडे ओढली जायची, हे मी नाकारत नाही. मी कुणाला शिकवायचं तर आधी हात धुऊन ये म्हणायची. हळूहळू तो ‘अक्कांचा केक’ झाला. मी प्रत्येक ठिकाणी सांगितलं, माझा आहे. लोक म्हणायचे, “हो का? बरं बरं.”

शेवटची भेट त्या जायच्या थोडं आधीची. त्या अंथरुणाला खिळलेल्या, मीनल आत काहीतरी करत होती. मला पाहून म्हणाल्या, “आलीस? अजून पुडीच का?”

“पुडीच.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “पापडखारच होता. मला वाटलं, मामंजी आता किल्ल्या बी हिलाच देतील... आन् काय वाईट झालं गं तुझं? नसता दिला तर शिकली असतीस का?”

जन्मभर जे ऐकायचं होतं ते ऐकलं होतं, आणि त्यातही तिनं श्रेय घेतलं होतं. मी म्हटलं, “मीनलला बोलवा. तिच्यासमोर सांगा.”

“बोलवते की. मीनल! ए मीनल!” मीनल धावत आली. अक्का तिच्याकडे पाहून म्हणाल्या, “काकूला चहा टाक. बिनसाखरेचा.” आणि डोळे मिटून घेतले. ओठांच्या कडेला हसू होतं. ते मी पाहिलं.

म्हणून मीनल, हे तूही वाच. तुझ्या सासूबाईंनी तुझ्यासमोर जे सांगितलं नाही, ते हे. मला बदल्याची दुसरी वाट त्यांनी ठेवली नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि वय झालं म्हणून करणारही नाही. माफी सगळ्यांसमोर मागायची गोष्ट होती.

तेराव्यानंतरच्या रविवारी मीनलनं सगळ्यांना बोलावून तो केक केला. मी खाल्ला. माझ्या केकात मी कधी जायफळ घातलं नव्हतं. अक्कांनी ते कधीतरी घातलं असणार. चांगलं लागत होतं. अन्वी, रोहन, मी खोटं लिहीत नाही, म्हणून हेही लिहिते. दुसरा तुकडा मी घेतला नाही.

अक्का नाहीत, तुमचे आजोबा नाहीत, शहागंजामागचं घर पाडून तिथं दुकानं झाली. तो केक अजून त्यांच्या घरात दर वाढदिवसाला होतो. त्यातलं जायफळ त्यांचं आहे. बाकी सगळं माझं आहे.