खालचा कठडा

टेबल वरून गुळगुळीत असतं आणि खालून खरखरीत. जगाची रीतच आहे ती. खालून कोण हात फिरवतो? पण हा सुतार टेबल उलटं करून त्याची खालची बाजूही रंधून काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, तळव्यानं चाचपून बघायचा. गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं. खाली एवढं काय करता, असं कुणी विचारलंच, तर तो रंध्यावरून नजर न उचलता म्हणायचा, "खाली मांजर बसतं. पुढच्या खेपेला ते मांजर मीच नसेन कशावरून?"

जन्म हा शब्द त्याच्या तोंडी नव्हता. त्याच्या लेखी ती खेप. माल भरून गाडी येते, रिकामी होते, जाते, पुन्हा भरून येते, तसं माणसाचं. मरणाला तो कधी भ्यायला नाही. पण आपल्याला पुढच्या वेळी कुठं उतरवतील याचा भरवसा नाही, एवढी एक धास्ती त्याला कायम असे, आणि ती धास्ती त्याच्या हातात उतरली होती. पेढीवाल्या शेटच्या कपाटाला जो सांधा, तोच कपडे धुणाऱ्या बाईच्या पेटीला. शेट एकदा कुरकुरला, तर सुतारानं त्याला शांतपणे समजावलं, की तिच्या घरी उतरलो तर त्या पेटीच्या झाकणात माझीच बोटं सापडायची.

जिना करताना तर तो दोन कठडे करायचा. एक सगळ्यांसारखा, कमरेएवढा. दुसरा त्याच्या खाली, गुडघ्याच्या जरा वर, बारीक, मुठीत मावेल असा. कारण कुणीही आलं तरी आधी लहानच येतं, आणि लहानाला वरचा कठडा म्हणजे आभाळ. कठडा बसवून झाला, की सुतार उकिडवा बसायचा आणि एक हात कठड्यावर ठेवून तसाच, बदकासारखा, तळापासून माथ्यापर्यंत चढायचा. हात जिथं अडेल तिथं पुन्हा कानस. गल्लीतली पोरं हसून लोळायची. बायामाणसं पदर तोंडाला लावायची. पण घरात पाळणा हलणार म्हटलं, की निरोप त्यालाच यायचा.

त्याच्या स्वतःच्या घरात पाळणा हलला नाही. त्यावर नवराबायको फारसं बोलत नसत. एकदाच तो म्हणाला होता, आपलं असं घर नाही उतरायला, म्हणून सगळीच घरं आपली म्हणायची. बायकोनं ऐकलं आणि तांदूळ निवडत राहिली.

एरवी ती ऐकून घेणारी नव्हती. कारण त्या खेपेचा एक तोटाही होता, आणि तो तिच्याच वाट्याला आला होता. जे जमत नाही, जे नकोसं वाटतं, ते सुतार पुढच्या खेपेवर ढकलायचा. समुद्र बघायला जाऊ? पुढच्या खेपेला. गळकं छप्पर? या खेपेला भांडं लाव. ती म्हणायची, "माझी सगळी हौस तुम्ही त्या पुढच्या गाडीत टाकलीत. भार इतका झालाय, की ती जागची हलायची नाही."

आणि त्या गाडीत तळाशी टाकलेला होता त्याचा धाकटा भाऊ.

दोघं एकाच जिन्यावरून उतरत लहानाचे मोठे झाले. बाप सुतार. बापामागं थोरल्यानं हत्यारं घेतली आणि नदीपलीकडं बिऱ्हाड केलं. धाकटा गिरणीत लागला, जुनं घर त्याच्याकडं राहिलं. खिडकीखाली बापाचा कामाचा बाक होता, जाड शिसवीचा, तेलानं आणि घामानं काळा झालेला. दाराबाहेर निघत नव्हता म्हणून तिथंच ठेवला होता. एका हिवाळ्यात थोरला तिकडं गेला, तर खिडकीखाली बाक नव्हता; चुलीपाशी राख होती, आणि राखेत बाकाचा एक लोखंडी बोल्ट. "बापाला आपण एकदा जाळलं," तो म्हणाला, "तू दुसऱ्यांदा जाळलंस. या खेपेला तुझं माझं बोलणं संपलं." आणि आला तसा वळला. त्याला आता एवढी वर्षं झाली होती, की दोघांचेही केस राखेच्याच रंगाचे झाले होते.

तर त्या धाकट्याची सून एका सकाळी सुताराच्या दारात उभी राहिली. पोट पुढं आलेलं, नदीवरचा पूल चढून दम लागलेला. मोठे काका, म्हणाली, आमचा जिना फार उभा आहे, खालचा कठडा करून द्या. सुतारानं तिला बसायला दिलं, पाणी दिलं, आणि नाही म्हणून सांगितलं. आवाज चढवला नाही. दुसऱ्या एका सुताराचं नावही सुचवलं. ती बिचारी गेली.

बायको आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन भुशाच्या पाटीवर बसली. भांडली असती तर सुताराला सोपं गेलं असतं. तिनं नुसतं विचारलं, माणूस पुढच्या खेपेला कुठं उतरतं, हे ठरतं कशावर?

सुतार म्हणाला, मन जिथं अडकलेलं असतं तिथं.

"मग झालं तर. सकाळी रंधा हातात घेतला की धाकटा, संध्याकाळी ठेवला की धाकटा. माझं नाव दिवसातनं दोनदा येत नाही तुमच्या तोंडात, त्याचं वीसदा. तुम्ही तिथंच पडणार, आज ना उद्या त्याच घरातल्या पाळण्यात. तो मांडीवर घेईल, शेंबूड पुसेल. आणि त्या जिन्याला कठडा नसेल, कारण तुम्हीच नाही म्हणालात."

सुतार हसला, पण हसू मिशीतच अडकलं. त्या दिवशी त्यानं एकच फळी तीनदा मोजली. तो जिना त्याला पाठ होता. वरून तिसरी पायरी आखूड होती. बापाकडून चुकून तशी कापली गेली होती आणि बापानंच म्हटलं होतं, बदलू कधीतरी. त्या पायरीवरून आपण, एवढेसे, धाकट्याचं बोट धरून उतरतोय, हे चित्र त्याच्या डोळ्यापुढून जाईना. आणि खरं सांगायचं, तर त्या चित्राचं भय वाटत होतं तेवढीच त्याची ओढही वाटत होती. रक्ताचं म्हणावं असं तेवढंच एक घर होतं जगात. पण इतका राग उराशी घेऊन तिथं उतरायचं कसं?

दुसऱ्या सकाळी त्यानं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

धाकटा दाराकडं पाठ करून बसला होता. पाठ तशीच राहिली. बोलणं सगळं सुनेतर्फे. सुतार तिला म्हणायचा, त्यांना म्हणावं, खुर्ची जरा सरकवा. बाबा म्हणतात, तुम्हाला हात आहेत, तुमची तुम्ही सरकवा. असं दोन दिवस चाललं. मधल्यामधे सून हसावं की रडावं या पेचात, आणि दोघा म्हाताऱ्यांना आधीच ऐकू आलेलं प्रत्येक वाक्य ती इमानानं पुन्हा सांगत होती.

तिसऱ्या दिवशी कठड्याची लांब पट्टी चढवायची होती. तिला दुसरं टोक धरणारा लागतोच. सून पुढं झाली तसा धाकटा उठला, तिला बाजूला केलं आणि टोक धरलं. लहानपणी बापासाठी धरायचा तसंच, अंगठा खाली, बोटं वर. सुतारानं ते पाहिलं. हातोडी हातात तशीच राहिली.

"विचार त्यांना," तो सुनेला म्हणाला, "बाक कशापायी जाळला."

सुनेनं तोंड उघडायच्या आत धाकटा बोलला, आणि तिच्याकडं बघून नव्हे.

"दादा, त्या थंडीत पोर निळं पडलं होतं. गिरणी बंद, घरात जळण नाही. शेजारी मागून झालं होतं. तीन रात्री पुरला तो बाक." मग पट्टीवरची पकड न सोडता म्हणाला, "तू विचारलंच नाहीस."

ते पोर म्हणजे सुनेचा नवरा. ती पायरीवर बसली आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला.

सुतार खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. फरशीवर बाकाच्या चार पायांचे फिकट चौकोन अजून होते. जगभर सांगत सुटलो, काही मरत नाही, सगळं फिरून येतं. आणि एक लाकूड गेलं म्हणून सुतक धरून बसलो. झाडाचा बाक झाला, बाकाची ऊब झाली, उबेनं पोर वाचलं. ते पोर आता बाप होणार. बापाचा बाक तर कधीच फिरून आला होता, पुलाच्या या बाजूला. आपणच पूल ओलांडला नाही.

तो म्हणाला, "टोक जरा वर घे." बोलणं तुटल्यापासून थेट धाकट्याला म्हटलेलं पहिलं वाक्य ते.

पट्टी बसली. खिळे ठोकून झाले. आता उकिडवं बसून चढायची वेळ आली. सुतारानं गुडघे वाकवले, ते अर्ध्यातच अडले. वर्षभर असंच होत होतं. धाकटा बघत होता. तो पहिल्या पायरीपाशी बसला, हात खालच्या कठड्यावर ठेवला आणि बदकासारखा चढू लागला. गुडघे कटकट वाजत होते. सुनेनं पदर तोंडात कोंबला.

"सावकाश," सुतार खालून म्हणाला. "वरून तिसरी आखूड आहे."

"मला सांगतोस? रोज चढतोय."

तो वर पोचला खरा, पण त्याला उठता येईना. तसाच बसून राहिला. मग सुतार वरचा कठडा धरत चढला, आखूड पायरी चुकवून, आणि त्याच्या शेजारी टेकला. दोघंही धापा टाकत होते. धाकट्यानं कठड्याखालून हात फिरवला. खालूनही गुळगुळीत होता.

"हात कुठं अडला?"

"कुठंच नाही. तुला नीट पुरेल." मग म्हणाला, "तू यायच्या आदल्याच दिवशी वहिनी सांगून गेल्या, तू पुढं इथंच उतरायचा विचार करतोयस म्हणून."

बायको पूल चढून येऊन गेली होती, आणि घरी जेवायला वाढताना अवाक्षर बोलली नव्हती. सुतारानं मान हलवली, तिच्यापुढं हरल्यासारखी.

"ती तिसरी पायरी तेवढी राहिली," धाकटा म्हणाला. "बापाची आठवण. राहू दे. पुढच्या खेपेला बघशील."

सुतारानं खाली वाकून पायरीच्या कडेला अंगठा लावला, किती कमी पडतंय ते बघितलं.

"नको," तो म्हणाला. "उद्या येतो."