पंच्याहत्तरचे शंभर

आम्ही जुनी मंडळी राहुरीला एकत्र जमलो की चहा गार होतो, कारण प्रत्येकाला आमच्या तेव्हाच्या कॉम्प्युटर क्लासमधली वेगळीच गोष्ट आधी सांगायची असते. तीसेक वर्षं झाली, तरी साठा संपत नाही. त्यातल्या एका कॉम्प्युटरच्याच एवढ्या आहेत, की तेवढ्याच सांगतो.

क्लास म्हसे सरांचा. मी तिथं टायपिंग आणि डॉसच्या आज्ञा शिकवायचो, वैशाली साळवे बाकी सगळं शिकवायची. खाली मुश्ताकभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, वर आमचे चार कॉम्प्युटर. तीन अगदीच जुने आणि चौथा पेंटियम, पंच्याहत्तर मेगाहर्ट्झ वेगाचा. शनिवारी दुपारी सर त्याच्यावर तासभर गाड्यांच्या रेसचा गेम खेळू द्यायचे. त्या एका तासासाठी पोरं आठवडाभर डॉस सहन करायची.

मग रस्त्यापलीकडे नवीन क्लास निघाला. त्यांच्याकडे एकशे सहासष्टच्या करकरीत मशिनी. तिथं रेसची गाडी पाण्यासारखी पळायची, आमची वळण आलं की झटके खायची. कृषी विद्यापीठातला एक विद्यार्थी क्लास सोडून जाताना शांतपणे म्हणाला, "सर, तुमचं शिकवणं चांगलंय. पण तुमची गाडी नांगरट करती."

त्या महिन्यात आमचे अकरा जण पलीकडे गेले.

*

कॉम्प्युटरबरोबर आलेली पुस्तिका कुणी वाचत नसतं. वैशालीनं वाचली होती. दोनदा. एका सकाळी तिनं ती सरांसमोर उघडली आणि एका तक्त्यावर बोट ठेवलं.

"सर, आतल्या मदरबोर्डवर ही जम्परं असतात. काळी टोपणं, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांची जागा बदलली तर आपला पंच्याहत्तरचा शंभरवर चालेल."

सर म्हणाले, "शंभरवर चालत असता तर कंपनीनं शंभर लिहिलं नसतं का?"

"कंपनीनं पंच्याहत्तरची हमी दिलीय सर. त्याच्या पुढं जमत नाही असं कुठं लिहिलंय?"

सरांनी पुस्तिका उलटसुलट पाहिली. तसं खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. जळाला तर नवीन घ्यायची ऐपत नव्हती, हे तिलाही माहीत होतं. शेवटी सर म्हणाले, "रविवारी कर. मी देवळात जाऊन बसतो. चालू झाला तरच बोलवायला या."

*

रविवारी वैशालीनं चिमट्यानं जम्पर उचललं आणि ते टुणकन उडालं. आम्ही दोघं जमिनीवर ओणवे झालो. मुश्ताकभाई मदतीला वर आले, स्पीकरचा मोठा लोहचुंबक घेऊन. सगळी खोली त्यांनी चुंबकानं झाडून काढली. अकरा टाचण्या, एक ब्लेड आणि सरांची हरवलेली किल्ली मिळाली.

जम्पर काही मिळालं नाही. तासाभरानं वैशालीनं त्यांच्या हाताकडं बघितलं आणि ती म्हणाली, "भाई, चुंबकाच्या वर काय चिकटलंय?"

मुश्ताकभाईंच्या मनगटावर घाम होता, आणि घामावर जम्पर होतं.

*

मशीन चालू झालं. स्क्रीनवर शंभरचा आकडा आला. मी देवळाकडं धावलो. सर चप्पल घालून येईपर्यंत मशीन थिजलंही होतं. परत चालू केलं, दहा मिनिटांत परत थिजलं. वैशालीचा चेहरा उतरला. ती जम्पर पहिल्या जागी बसवायला निघाली तेव्हा मुश्ताकभाईंनी आतल्या मुख्य चिपला बोट लावून पाहिलं.

"मोटार बी अशीच तापती. हिच्यात काय बिघाड न्हाई, हिला वारं पाहिजे."

त्यांनी खाली जाऊन एका मोडक्या लाऊडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरचा ॲल्युमिनियमचा, उष्णता ओढून घेणारा पात्यापात्यांचा ठोकळा करवतीनं कापून आणला. त्याला पांढरी पेस्ट लावून तो चिपवर बसवला, तांब्याच्या तारेनं बांधला आणि वर एक पंखा जोडला. मशीन चार तास चाललं. थिजलं नाही. फक्त झाकण आता बसत नव्हतं, आणि पंखा जोरात घरघरत होता.

दुसऱ्या दिवशी एका पालकांनी आत डोकावून विचारलं, "सर, फवारणीचा पंप कॉम्प्युटरला बी लागतो व्हय?"

*

हौशीराम नेवाशाकडचे. कारखान्यावर उसाचा ट्रक चालवायचे. ट्रकचा डायनॅमो मुश्ताकभाईंकडं दिला होता, तो होईपर्यंत काय करायचं म्हणून वर आले. शनिवार होता. पोरं रेस खेळत होती, ते मागं उभे राहून बघत होते.

"मी बसू का जरा?"

वैशालीनं कोणती बटणं कशाची ते दाखवलं. हौशीराम खुर्ची पुढं ओढून बसले, आणि गाडी सुरू करायच्या आधी म्हणाले, "ताई, ब्रेक कुठला ते न्हाई सांगितलं."

इतक्या महिन्यांत ब्रेक विचारणारा तो पहिला माणूस.

*

नगरला कॉम्प्युटरचं प्रदर्शन भरलं. त्यात रेसची स्पर्धा होती. प्रत्येक क्लासनं स्वतःचं मशीन आणि एक खेळाडू आणायचा, तीन फेऱ्या, सगळ्यांत कमी वेळ जिंकणार. मशीन किमान शंभरचं हवं. पलीकडचा क्लास आला होता, एकशे सहासष्ट घेऊन. आम्ही गोधडीत गुंडाळलेलं मशीन आणि हौशीरामांना घेऊन गेलो.

परीक्षकांनी आमचा फॉर्म उचलला. म्हसे सर खोटं लिहिणारे नव्हते, त्यांनी बिलावरचाच आकडा भरला होता.

"फॉर्मवर पंच्याहत्तर, स्क्रीनवर शंभर. यातलं खरं कुठलं?"

सर खाली बघायला लागले. मला वाटलं, इथूनच परत जावं लागणार.

वैशाली म्हणाली, "फॉर्मवरचं विकत आणलेलं आहे सर. स्क्रीनवरचं आम्ही केलेलं आहे."

परीक्षकांनी वाकून आतला ठोकळा, तार, पंखा सगळं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बसवा तुमचा खेळाडू."

पलीकडच्यांचा मुलगा सरळ रस्त्यावर सगळ्यांत जोरात गेला आणि तिन्ही फेऱ्यांत त्याच वळणावर भिंतीला धडकला. हौशीराम वळणाआधी हळू व्हायचे, वळून झालं की गाडी सोडायचे. आमच्या मशीननं एकदाही झटका खाल्ला नाही. तीन सेकंदांनी जिंकलो. सरांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि परत पुसला. हौशीराम उठून म्हणाले, "मोकळी होती ना गाडी. ऊस भरलेला असता तर येवढं नसतं जमलं."

*

सोमवारी सकाळी क्लास भरायच्या आधी जिन्यात पावलं वाजली. पलीकडच्या क्लासचे मालक. सगळा गाव त्यांना मोठे सर म्हणायचा, आणि आमच्या जिन्यावर ते कधीच चढले नव्हते. बगलेत त्यांच्या मशीनची पुस्तिका होती, प्लास्टिकच्या पिशवीतली, न उघडलेली. त्यांनी म्हसे सरांकडं बघितलं. सरांनी वैशालीकडं बोट केलं.

"मॅडम," ते म्हणाले, "आमचं एकशे सहासष्ट दोनशेवर जाईल का?"

वैशालीनं हातातला खडू ठेवला आणि पहिल्या बाकाजवळची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.

"बसा," ती म्हणाली. "पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचा. मी ऐकते."