एलसीरामावशीची हवेची बंदूक

मिंक आमच्या बेटावर पोहत आला. खाडीचं पाणी बर्फासारखं, ओहोटीची ओढ अशी की माझी लाँचसुद्धा तिरकी जाते, आणि हा हातभर लांबीचा, मुंगसासारखा जीव पलीकडून अलीकडे आला. मी स्वतः पाहिलं. पाण्यावर नुसतं एक काळं डोकं, पण ते जराही वाट चुकत नव्हतं. कुणा शहाण्याने कातड्यासाठी परदेशातून आणलेला हा प्राणी पिंजऱ्यातून सुटला, आणि आता दक्षिण चिलीतल्या आमच्या चिलोएच्या बेटाबेटांवर तो मालक असल्यासारखा फिरतो. भूक भागली म्हणून तो थांबत नाही. खुराड्यात शिरला की जे हलतं ते सगळं मारतो, एखादीची मान चाखतो आणि चालता होतो.

एलसीरा ग्वेंतेओचं खुराडं त्याने असंच एका फटक्यात रिकामं केलं.

एलसीरा म्हणजे बेटाच्या टोकावर एकटी राहणारी विधवा. सगळं बेट तिला मावशी म्हणतं. माझी पन्नाशी उलटली तरी मीही मावशीच म्हणतो. उंची माझ्या छातीएवढी, आवाज मात्र बोटीच्या भोंग्यासारखा. नवऱ्याला समुद्राने नेलं तेव्हापासून ती लसूण लावते, लोकर कातते, कोंबड्या पाळते आणि कुणाचं ऐकत नाही. मुलगी यास्ना पुएर्तो मोंत शहरात नोकरी करते. ती दर वेळी फोनवर विचारते, "आई, काय ठेवलंय त्या टोकावर?" मावशीचं उत्तर ठरलेलं, "मी आहे ना!"

कोंबड्या गेल्यावर बेटाने तिच्यासाठी मेदान केलं. ज्याचं जे गेलं, तेच प्रत्येक घराने एकेक घेऊन त्याच्या दारी जायचं, अशी आमची जुनी रीत आहे. घराघरातून माणसं बगलेत कोंबडी धरून निघाली. मावशीने सगळ्यांना मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या भाकऱ्या, खाऊ घातल्या, सफरचंदाची दारू पाजली, अकॉर्डियन वाजलं, नाच झाला. प्रत्येक कोंबडीला देणाऱ्याचं नाव पडलं. बार्रियांची लाल, चिग्वायांची लंगडी, कार्कामोंची भांडखोर. ही भांडखोर अगदी त्या घरच्या सुनेवर गेली होती, पण ते जाऊ दे.

मेदान आयुष्यात एकदाच मागतात. दुसऱ्यांदा मागितलं तरी कुणी नाही म्हणणार नाही, आणि म्हणूनच कुणी मागत नाही. पाहुणे गेल्यावर मावशी मला म्हणाली, "नोल्बेर्तो, या लोकांच्या कोंबड्या आहेत. याही गेल्या तर मी कुणाला तोंड दाखवणार नाही. घराला कुलूप लावून यास्नाकडे जाईन." ती उगाच बोलणारी बाई नव्हे.

सापळे लावून झाले. त्यात बार्रियांचा बोका अडकला आणि तीन पायांवर लंगडत घरी गेला. बारुदाची बंदूक मावशीला नको होती. "एका बारात सगळ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील," म्हणाली. राहिली हवेची बंदूक. लसूण विकून झाला तशी ती माझ्या लाँचमध्ये बसली आणि आम्ही कास्त्रोला गेलो.

दुकानदार अमेरिको बोलण्यात साखर पेरणारा. त्याने लांबलचक नळीची, स्प्रिंगची एक बंदूक काउंटरवर ठेवली. खोक्यावर केवढातरी मोठा आकडा छापलेला. "ही घ्या बाई. इतका वेग या किमतीत कुठे मिळणार नाही."

मलाही तीच आवडली. मी म्हणालो, "घे मावशी, तोफच आहे."

मावशीने नळी बिजागरीतून खाली वाकवून स्प्रिंग ताणायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर येऊन ती अडली. मावशीचे पाय जमिनीवरून सुटले आणि ती बंदुकीला लोंबकळली. मी हसलो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खोकल्याचं नाटक केलं.

"हा आकडा कसल्या छर्ऱ्याने काढला?" तिने अमेरिकोला विचारलं.

"म्हणजे?"

"हलका खडा मीही लांब फेकते रे. पण तो कुणाला लागतो का? मला जड छर्रा मारायचाय, तो पण बोराएवढ्या डोक्यात. वेग नको सांगूस, कागदावर पाच छर्रे मारून दाखव."

अमेरिकोने मागच्या अंगणात मारून दाखवले. तोफेचे छर्रे मीठ भुरभुरल्यासारखे कागदभर पसरले. चाप ओढला की ती बंदूक घोड्यासारखी उसळायची. मग मावशीचं बोट कोपऱ्यातल्या एका बुटक्या, काळ्या, कुरूप बंदुकीकडे गेलं. तिच्या नळीखाली हवेची टाकी होती. पंपाने टाकी एकदा भरायची, मग चाप ओढायला ताकद लागत नाही आणि झटकाही नाही. तिचे पाचही छर्रे एका भोकात गेले. दुर्बीण साधी, दस्ता प्लॅस्टिकचा, पण पंपासकट ती तोफेपेक्षा थोडीच महाग होती.

"मावशी, ही बंदूक आहे की सायकलचा पंप?" मी चिडवलं.

"तुझ्या लाँचला वल्ही नसती तर तूही इंजिनाचीच बढाई मारली असतीस," ती म्हणाली. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

येताना ती बंदूक मांडीवर घेऊन बसली होती. मधेच म्हणाली, "आत काय आहे रे हिच्या? काही नाही. आपण श्वास घेतो तीच हवा. ती दाबून कोंडली की जीव घेते. केवढं आश्चर्य म्हणायचं हे!" तिच्या तोंडून मी असं पहिल्यांदा ऐकलं. मलाही वाऱ्याचं जरा वेगळंच वाटायला लागलं.

पण पंप मारणं खायचं काम नव्हतं. पहिले दट्टे सोपे, पुढे पुढे जणू कुणी खालून धरून ठेवतं. मावशीचं वजन किती! ती दांड्यावर पोट टेकून लटकायची आणि दांडा तसाच. बेटाला हे कळलं मात्र, आमच्या नेहमीच्या रीतीने काम सगळ्यांचं झालं. बैल जुंपून अख्खं लाकडी घर दुसऱ्या जागी ओढायला, बटाटे काढायला आम्ही जमतो, तसे हवा भरायला जमू लागलो. कुणीही माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला आलं की आधी पंपाचे चार दट्टे मारायचे, मग चुलीपाशी बसायचं. थोरला बार्रिया आला, त्याने मारले. त्याचे भाऊ आले, त्यांनी मारले. पाद्रीबाबा आले, त्यांनी झगा वर खोचून मारले.

टाकीवरच्या दाबाच्या काट्यावर हिरवी पट्टी होती, तिथपर्यंत भरायचं. पण आमच्याकडे नेमकं माप देणं म्हणजे चिक्कूपणा. पोतं बटाट्याचं असो की पेला दारूचा, वर थोडं सांडेपर्यंत दिलं तरच दिलं म्हणायचं. हिरवी पट्टी गाठली तरी जो तो म्हणे, "अजून दोन, मावशीसाठी!" काटा लाल पट्टीत जाऊन बसला. मीही माझे दोन मारले आणि खांद्यावरची धूळ झटकल्यासारखं करून मिरवलो.

त्याच आठवड्यात मिंक आला. दिवस मावळायला होता. मावशीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेम धरला. मिंक खुराड्यासमोर उभा, वीसएक पावलांवर. तिने चाप ओढला. फुस्स झालं आणि छर्रा मधल्या गवतात पडला. दुसराही तसाच. मिंकने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि मग फळीखालून आत शिरला. ती काठी घेऊन धावली. पोचेपर्यंत चिग्वायांची लंगडी आणि आणखी पाच संपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने मला निरोप धाडला. शनिवारी सकाळी लाँच आण, यास्नाला कळवलंय.

सगळं बेट अमेरिकोला शिव्या घालू लागलं. मावशीने कुणाला एक शब्द सुनावला नाही. तिने दारं लावून घेतली. मधूनमधून मागच्या शेडमधून फट्‌ फट्‌ ऐकू यायचं. मला वाटलं, रागाने छर्रे संपवते आहे.

शनिवारी मी गेलो. तिची बॅग दारात होती, वर डोक्याचा रुमाल घडी करून ठेवलेला. ती म्हणाली, "आत ये. हे बघ."

शेडमध्ये देवदाराची जाड फळी होती. तीत डावीकडून उजवीकडे ओळीने भोकं. पहिली नुसत्या खरवडल्यासारखी, पुढची खोल, मधली तर आरपार, आणि शेवटची पुन्हा उथळ.

"सुरुवातीला हवा सगळ्यात जास्त होती ना?" मी विचारलं.

"हो. म्हणूनच. लग्नात तट्ट जेवल्यावर तुला हाक मारता येते का रे? श्वासच बाहेर पडत नाही. तुम्ही सगळ्यांनी हिला इतकं जेवू घातलंत की आतली झडपच उघडेना, हिच्या तोंडातून आवाज निघेना."

माझेही दोन दट्टे त्यात होते. "लोकांना सांगितलंस?"

"काय सांगू? तुमच्या प्रेमाने सहा कोंबड्या मेल्या, असं?" ती म्हणाली. "गप बस. ओहोटी लागलीय, तो येईल आता."

तिने बंदूक उचलली. घरात नेऊन माझ्याकडून दट्टे मारून घेतले, आणि काटा हिरव्या पट्टीच्या मधोमध येताच थांबवलं. आम्ही खिडकीशी गेलो. किनाऱ्यावरचे दगड उघडे पडले होते, आणि त्यांच्यावरून तो येत होता, ओला, काळाभोर, अंगावर ऊन चमकत असलेला. दगडावरून दगडावर तो पाण्यासारखा ओघळत होता. इतका सुंदर जीव मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मावशी काही घाईत नव्हती. दस्ता तिने खांद्याला नुसता टेकवला होता. मिंक खुराड्याच्या फळीशी थांबला, मान वर केली, आणि बंदुकीचा कुणी जीभ टाळ्याला लावून काढावा तेवढाच आवाज झाला.

तो जागच्या जागी बसला. मग आडवा झाला. कोंबड्यांना कळलंसुद्धा नाही.

आम्ही बाहेर गेलो. मावशी गुडघे टेकून बसली आणि तिने त्याची फर उलटी सुलटी कुरवाळली, पंजाच्या बोटांमधलं कातडं ताणून बघितलं. ती रडत होती. "एवढासा तू," त्याला म्हणाली, "आणि मला माझ्या घरातून उठवत होतास!"

मी बेटावर भूकंप पाहिलाय, किनाऱ्याला लागलेला देवमासा पाहिलाय. पण त्या बाईसमोर उभा होतो तेव्हा मी टोपी काढली, आणि ती का काढली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात थोरला बार्रिया निरोप द्यायला आला. मिंक बघून त्याने आरोळी ठोकली आणि सवयीने सरळ आत जाऊन पंपाचा दांडा धरला.

मावशी दारात गेली. पायानेच तिने बॅग आत ढकलली. "मार," त्याला म्हणाली, "पण मी पुरे म्हटलं की पुरे."

त्याने दट्टे मारले. काटा हिरव्या पट्टीच्या टोकाला आला. "पुरे," मावशी म्हणाली. बार्रियाचे हात दांड्यावर तसेच राहिले, चेहरा रडवेला झाला. कुणाला नेमकंच द्यायचं हे त्याने जन्मात केलं नव्हतं. मग त्याने एकेक बोट सोडवत हात मागे घेतले, आणि तिने त्याच्यासाठी चुलीवर आधण ठेवलं.