माणसांनी ओढलेला पाळणा

रिओबांबा गावच्या बागेतला गोल फिरणारा मोठा पाळणा एतेल्विना गुआमान चालवायची. नवरा गेल्यावर तिने तो एकटीनेच सांभाळला. सगळे तिला मानाने दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचे. गावाबाहेरच्या मॉलमध्ये खेळांची दालनं उघडली, तशी पोरंटोरं तिकडे वळली. पाळण्याचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले. काही तुटलं की ती लोहाराकडून घडवून आणायची. त्यात त्या वर्षी धरणं आटली आणि रोज वीज जाऊ लागली. मॉलला जनरेटर होता. बागेचा कधीच बिघडून पडला होता.

वीज जायची वेळ बघूनच ती माणसं बसवायची. पण एका रविवारी वीज वेळेआधीच गेली. गाणी थांबली, पाळणा थांबला, आणि बागेच्या फाटकापाशी उकडलेला मका विकणारी ओर्तेन्सिया सगळ्यात वरच्या पेटीत अडकली.

"घाबरू नकोस गं," एतेल्विना खालून म्हणाली.

"मी कशाला घाबरू? घाबरेल तुझा पाळणा. माझं वजन त्याला ठाऊक आहे."

सगळे हसले. एतेल्विना मात्र दोर आणायला धावली. पेट्यांत लहान मुलं होती, वारा सुटला होता. तिने ब्रेक सैल केला, लोखंडी आऱ्याला दोर बांधून जीव खाऊन ओढला. पाळणा जागचा हलला नाही.

"दोन्या, एकट्याच काय ओढताय? आम्ही काय मेलोय?" रस्त्यापलीकडून टॅक्सीवाला लिसार्दो आला. मागोमाग आइस्क्रीमवाल्या बायका, बूटपॉलिशवाले, घरी निघालेला मॉलचा रखवालदारसुद्धा. सगळ्यांनी दोर धरला. पाळणा कण्हला आणि हलला.

एतेल्विना ब्रेक धरून वर बघत राहिली. एवढं मोठं लोखंड, आणि मोटारीचा आवाज नाही. नुसते माणसांचे श्वास. पेट्यांमधली बडबडही थांबली होती. ढग सरले होते आणि बर्फाने पांढऱ्या माथ्याचा चिंबोरासो डोंगर डोक्यापासून पायापर्यंत उघडा पडला होता.

पेटी खाली आली तरी ओर्तेन्सिया उतरेना.

"उतर की गं."

"मला परत वर न्या," ती हळूच म्हणाली. "जन्म गेला त्याच्या पायाशी. चिंबोरासोबाबाला असं कधी पाहिलंच नव्हतं."

तिला परत वर नेलं.

बागेतलं तिचं दुसरं खेळणं, लाकडी घोड्यांचं चक्र, त्या वर्षी विकावं लागलं. पाळणा टिकला. वीज नसलेल्या रविवारी लोक आपणहून यायचे, आधी ओढायचे, मग बसायचे. पुढे पाऊस झाला, वीज नियमित झाली, तरी कुणी ना कुणी विचारायचंच, "दोन्या, मोटार जरा बंद ठेवता का?"

आणि ती ठेवायची.